वीट ऐकणारी

कर्वेनगर, पुणे
११ जानेवारी २०२६

ती. हिराताईस,
सा. न. वि. वि.

तू आपल्या वीटभट्टीवर परत गेलीस, पण इथे अजून तुझाच विषय चालू आहे. कसबा पेठेतला जुना छापखाना उतरवून त्याच्याच विटांचं वाचनालय बांधायचं, ही कल्पना माझी. नवी वीट नको, म्हणजे माती उपसायला नको, कोळसा नको, काही जळायलाच नको. कॉलेजात यावर मी दीडशे पानं लिहिली, ती वाचूनच नीरजा मॅडमनी मला त्यांच्या ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून नोकरी दिली. आणि तू काम बघायला आलीस, दोन विटा एकमेकींवर आपटल्यास, कान दिलास आणि म्हणालीस, ही खणखणते, ठेवा. ही बद्द वाजते, टाका. तासाभरात गवंडी तुला हिरामॅडम म्हणू लागले. मला दीड वर्षानंतरही 'ओ पोरी'च म्हणतात.

तू महिनाभर विटा निवडायला येशील का, असं मॅडम विचारत होत्या. पण सध्या भट्टीचा हंगाम, बाबा एकटे. शिवाय सातवी शिकलेल्या बाईला इथले कागद कसे कळणार? म्हणून तिला जमणार नाही, असं मीच सांगून टाकलं. तुझ्याच भल्यासाठी.

समाधानदाजींना नमस्कार. आहे ती माया कमी करू नकोस.

तुझी,
उत्कर्षा


लोणीकंद, भट्टीवरून
१६ जानेवारी

चि. उत्कर्षास,
अ. आ.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. अक्षर लागलं तर वाच, सातवीचं आहे.

माझं भलं परस्पर केलंस, उपकार झाले. विचारलं असतंस तर मी होच म्हटलं असतं. बाबाही म्हणाले, इकडचं मी बघितलं असतं.

तुझ्या वाचनालयात काही जळायचं नाही ना? मग तू का जळतेस?

खरं सांगू, मीही जळले आहे. बाबांनी तुझा पदवीचा फोटो भिंतीवर लावला त्या दिवशी मी नुसत्या विटा थापत राहिले, कुणाशी बोलले नाही. तुला सांभाळायला मी शाळा सोडली, ते मी कधी काढलं नाही, आजही काढत नाही. पण माझ्या कामासाठी मला पहिल्यांदाच कुणी नावाने बोलावलं होतं. ते बोलावणं तू दारातूनच परत लावलंस.

वेळेवर जेव. रागावले तरी तुझीच आहे.

ताई


कर्वेनगर
२२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर लिहायला बसले की माझीच बाजू मांडत होते. तीन कागद फाडले.

काल विटा निवडायला मीच उभी राहिले. तुझ्यासारख्या आपटल्या, कान दिला. सगळ्या सारख्याच वाजल्या. कबूल कसं करायचं? ही ठेवा, ती टाका, म्हणत सुटले. दत्तप्रसाद मिस्त्रींनी मी ठेवलेली एक वीट उचलली, नखाने ओरखडली, भुगा माझ्या वहीवर झटकला आणि शांतपणे विचारलं, की हिरामॅडमना नक्की कशामुळे जमणार नव्हतं.

तिथेच नीरजा मॅडमसमोर सांगितलं, की मी ताईला विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, नोकरी राहील, पण विटांचं काम यापुढे हिराताईंच्या हाताखाली शिकायचं, त्या आल्या तर.

तुझ्या हाताखाली! तुला हसू आलं असेल. मला अजून येत नाही. तू आलीस की गवंडी तुझ्याभोवती जमतील आणि माझ्या पोटात पुन्हा दुखेल, हे आत्ताच सांगून ठेवते. तरी या वेळी मी खरंच विचारते आहे: मंगळवारी येशील का?

तुझ्या हाताखालची,
उत्कर्षा