थर मोडतात तेव्हा

३ मार्च, सोमवार

आज दुकानात परत कॉफीचे थर मोडले. चार पेल्यांत! तळाचा ताडगुळाचा पाक आणि त्यावरचं दूध एकमेकांत शिरून नुसता गढूळ रबडा. दूध चमच्याच्या पाठीवरून सोडलं होतं, अगदी हळू. तळाला पाक, वर दूध, मग बर्फ, मग काळी कॉफी – तेहतीस वर्षं हेच करतेय. मग आताच काय झालं?

बून माझा नवराच तो, त्यानं थट्टेवारी नेलं. "म्हातारे, हात थरथरतोय की काय तुझा?"

४ मार्च

तळहातावर कागद ठेवून बघितला. हलला. पंखा बंद केला. तरी हलला – का मलाच तसं वाटलं?

६ मार्च

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चहा सांडायची, मग वाटी धरता येईना. शेवटची चार वर्षं मीच भरवलं. ती तोंड उघडायची आणि नजर दुसरीकडे करायची. मला त्या नजरेची भीती वाटते. खूप वाटते.

९ मार्च, रविवार

नऊ पेले बिघडले. शेवटी ढवळूनच पितात ना, म्हणे बून. पण आमच्या कुचिंग शहरातली माणसं आधी पेला उजेडात धरून बघतात! मासळीवाली लिमबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हात गेला वाटतं हिचा."

डॉक्टरकडे जाणार नाही. गेले की आजाराला नाव मिळेल.

११ मार्च

पाक बूननं करायचा, ओतायचं मी – लग्नापासूनची वाटणी. आज म्हणाला, "दोन दिवस मी ओतू का?" केवढ्यांदा ओरडले त्याच्यावर. बिचारा आत गेला.

१३ मार्च

शाळेत विज्ञान शिकवणारे जराउ मास्तर आले होते. त्यांचाही पेला बिघडला आणि मी गिऱ्हाइकासमोर रडले. लाज गेली सगळी.

मास्तर म्हणाले, "आंटी, हात थोडा हलला म्हणून थर मोडत नाहीत. जड असतं ते खालीच बसतं. तुमचा पाक दुधापेक्षा जड आहे ना?" म्हटलं, असणारच. त्यांनी टोपलीतलं कच्चं अंडं घेतलं, पाकाच्या बरणीत सोडलं. "पाक दाट असेल तर अंडं तरंगेल." अंडं सरळ तळाला गेलं. पाक पातळ!

थोडा पाक तिथेच आटवला, गार केला, त्यावर ओतलं. तीन थर, सुरीनं कापल्यासारखे. हात धड आहेत माझे! पोटभर जेवले आज. पाकात जास्तीचं पाणी ओतून मोकळ्या होणाऱ्या त्या आळशी बूनला उद्या रंगेहाथ पकडते.

१४ मार्च

सकाळी गुपचूप त्याच्या मागे उभी राहिले. बूननं गुळात नेहमीच्या मापानं दोन भांडी पाणी घातलं. ढवळलं. पातेल्यात बघत राहिला. मग परत दोन भांडी. मग पुन्हा भांडं भरलं आणि तसाच उभा.

माझी चाहूल लागली तसा वळला. हळूच म्हणाला, "पाणी घातलं का गं मी? महिना झाला, मला आठवतच नाही. रोज तुला विचारायचं म्हणतो. तू घाबरशील म्हणून –"

मी म्हटलं, "घातलंस." आणि गॅस बंद केला.