परत आलेले सहा डबे

प्रिय बबन,

येत्या रविवारी विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. लहानपणापासूनचा मित्र म्हणून शांतावहिनींनी मला बोलायला सांगितलंय. चार दिवस कागद पुढे घेऊन बसलोय, पण लिहायला घेतलं की आधी तुझा हेवाच पुढे येतो. म्हणून भाषण बाजूला ठेवून तुलाच लिहितोय.

गेल्यावरही तू हेवा करायला लावलास रे! माले गावच्या स्मशानात पिरंगुटचे कारखानदार उभे होते, मोटारी पार रस्त्यापर्यंत. माझ्या वेळी किती माणसं येतील, असं मनात आलं. तू समोर सरणावर होतास आणि मी हा विचार करत होतो.

शाळेत आपण दोघे वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसून शिकलो. गणित माझं चांगलं होतं, तुझं नव्हतं. मग ट्रान्सफॉर्मरच्या तारेचे वेढे मोजत मोजत तू कंपनी उभी केलीस आणि मी पौडच्या कचेरीत फायली उचलत राहिलो, हे कसं झालं? शेड घेतलीस तेव्हा मला सोबत ये म्हणालास. मी सरकारी नोकरीचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा का नाही विचारलंस?

तुझ्या टेबलामागे मासिकातलं एक चित्र चिकटवलेलं होतं. अमेरिकेतला काळा माणूस, स्वतःच्या कॉम्प्युटर कंपनीच्या दारात उभा. "ह्येच्या आज्या-पणज्यांना बाजारात इकत होते, नामदेव. आता ह्यो मशिनी इकतोय," तू म्हणालास. मी म्हणालो, ती अमेरिका हाय, ही मुळशी. तू नुसता हसलास. तुला लागावं म्हणूनच बोललो होतो मी.

आता जे सांगायचं ते सांगतो. घरोघरी टीव्ही आले तसे तुझे स्टॅबिलायझर खपू लागले. डब्यावर फक्त 'प्रकाश' एवढंच नाव. माझी जात ठाऊक असलेल्या एका दुकानदाराने मला सहज विचारलं, हे प्रकाशवाले कोण? माहीत नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "आमच्या वस्तीतला बबन. आमच्यातलाच." आठवड्याच्या आत सहा डबे परत आले. गिऱ्हाईक नाही, असा निरोप.

तू ते सहाही उघडलेस. दोन दिवस एकेक वेढा, एकेक जोड तपासत बसलास. मी शेजारी बसून चहा पीत होतो.

"माल चोख हाय. मग परत का आला?" तू मलाच विचारलंस.

धंद्यात चालायचंच, असं काहीतरी मी बोललो.

तेव्हापासून प्रत्येक डबा तीनदा तपासायचा नियम केलास आणि त्याच नियमाने पुढे तुझं नाव झालं. म्हणजे मी तुझं वाईट करायला गेलो, तेही तुझ्याच कामी आलं! याचाही मला हेवा वाटला.

रोज पंचशील म्हणतो. आपण खोटं तर बोललो नाही, अशी इतकी वर्षं मनाची समजूत घातली. पण ते खरं मी कशासाठी बोललो, हे बुद्धमूर्तीसमोर हात जोडताना मला ठाऊक असायचं. तुला कधी संशय आला होता का रे? आला असेल आणि तरी मला चहा पाजत राहिलास, तर तेही माझ्याच्याने झालं नसतं.

उद्या सकाळी आधी वहिनींना सांगेन. मग रविवारी वंदना झाल्यावर विहारात उभा राहीन आणि तुझ्या शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांसमोर, सगळ्यांसमोर सांगेन. त्यांनी निघून जा म्हटलं तर निघून जाईन, पण बोलणं पुरं करूनच.

तुझा,
नामदेव