चष्म्याच्या दुकानात बेसिन

१२ जाने., सोम.
डिझायनर निशांतने लॅपटॉपवर नवीन दुकान दाखवलं. मुलुंडचं आमचंच, आप्पांचं अकरा फुटी दुकान, पण ओळखू येईना. पांढऱ्या भिंती, फ्रेमच्या प्रत्येक रांगेला वेगळी लाइट, समोर अख्खा आरसा. दादा खूश. "झकास. मॉलमधलं वाटतंय."
मी विचारलं, बेसिन कुठेय?
"त्या कोपऱ्यात गॉगल्स घेतलेत ना, मॅडम." तीनदा सांगितलं होतं ह्याला.
वर दादा: "चष्म्याच्या दुकानात बेसिन कशाला गं? सलून काढतेयस?"
डोकं फिरलं. उद्या बोलणार.

१३, मंगळ.
बोलले. दादाला नंबर नाही, नि.लाही नाही. जाड नंबरवाला नवीन फ्रेम लावून बघतो तेव्हा त्याचा स्वतःचा चष्मा काढलेला असतो, हे दोघांच्या डोक्यातच येत नाही. समोर कितीही भारी आरसा लावा, त्याला तोंडाच्या जागी धब्बा दिसतो. मग बरोबर आलेलं माणूस म्हणतं, छान दिसतंय. झाली खरेदी.
माझा मायनस नऊ. चष्मेवाल्याची पोरगी, आणि कॉलेजला जाईपर्यंत एकही फ्रेम स्वतः निवडलेली नाही. आप्पा निवडायचे. चौकोनी, तपकिरी, मजबूत. कॉलेजात, डोळे तपासणीच्या कोर्सच्या प्रॅक्टिकलला, पहिल्यांदा कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या, वर ती रिकामी तपकिरी फ्रेम चढवली आणि आरशात बघितलं. रडले होते. इतकी वर्षं हे तोंड घेऊन फिरत होते आणि कोणी एका शब्दाने बोललं नाही.
म्हणून बेसिन. गिऱ्हाइकाला अर्ध्या तासापुरत्या लेन्स घालायच्या, मग फ्रेम त्याची त्याने बघायची. लेन्सला हात धुवावे लागतात.
दादा: "सॅनिटायझर लाव ना."
"तूच लाव. आणि मग डोळ्यात बोट घाल."
हो काही म्हणाला नाही.

१४, बुध. संक्रांत
दादाकडे तिळगूळ. गोड बोलायचं म्हणून मी विषय काढला नाही, त्यानेच काढला. नि. म्हणे दुकानात पाण्याची लाइनच नाही. नवीन घ्यायची तर सोसायटीची परवानगी, मागची फरशी फोडा… "संपला ना विषय?"
लाडू खाल्ला. विषय संपलेला नाही.

१७, शनि.
सकाळी आंघोळ करताना आठवलं. आप्पा चष्म्याच्या काचा दुकानातच घासायचे. दगडाचं चाक फिरायचं आणि वरून पाण्याची बारीक धार. शाळेतून आले की मी स्टुलावर बसून बघायचे. पुढे दादाने काचा बाहेरून कापून आणायला सुरुवात केली, ते चाक गेलं, भिंतीवर प्लाय चढला. पण पाणी होतं म्हणजे नळ होता.
केस ओलेच, तशीच दुकानात. सुताराला म्हटलं, हा प्लाय उघड.
"मॅडम, डिझाइन में नहीं है."
"मी सांगतेय ना. उघड."
नळ. पितळी, हिरवा पडलेला, तोंडाला बूच. खाली मोरीचं भोक सिमेंटने बुजवलेलं. फोटो काढून दादाला पाठवला. खाली काहीही लिहिलं नाही.
घरी आईला सांगितलं. "बापाशीचो नळ अजून आसा थंय?" फोटो दोनदा मोठा करून बघितला.

१८, रवि.
दादा आला. प्लंबरच्या आधी स्वतः नळाला हात लावून बघितला. म्हणाला, "पाडव्यापर्यंत ठेवू. नाही चाललं तर तिथे गॉगल्स. मग तोंड वाकडं करायचं नाही."
कबूल.

२०, मंगळ.
नि. बेसिन दाराआड लपवू बघत होता. त्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर प्लस नऊच्या काचा चढवल्या; त्यातून धड नजरेलाही मायनस नऊसारखं धूसर दिसतं. म्हटलं, हे आमच्यासारख्यांचं जग, आता आरशात बघ आणि सांग कसा दिसतोस. उठायला गेला तर गुडघा काउंटरवर. "मॅडम, आरसा कुठेय?" खूप हसले. वाईट आहे मी.
पण संध्याकाळी त्यानेच नवीन ड्रॉइंग पाठवलं. बेसिन मध्ये, शेजारी खुर्ची, खुर्चीतून हात पोचेल असा आरसा. काउंटरचे कोपरे गोल. पोरगा शहाणा आहे.

७ फेब्रु., शनि.
काल दुकान उघडलं. आज पहिलं जाड नंबरचं गिऱ्हाईक. समोरच्या बिल्डिंगमधल्या पेडणेकर वहिनी, मायनस बारा, बरोबर त्यांचे साहेब. दर वेळी साहेबच निवडतात.
हात धुवायला लावले. लेन्स घालताना घाबरल्या, तिसऱ्या प्रयत्नात बसली. मग त्यांचीच जुनी फ्रेम, काचा काढून, त्यांच्या नाकावर ठेवली. आरशात बघतच राहिल्या.
साहेब मागून: "अगं, तशीच घे ना. शोभते तुला."
वहिनी मागे न वळता: "थांबा हो जरा. मला बघू दे."
अकरा फ्रेम लावून बघितल्या. एकही घेतली नाही. लेन्स काढल्या, जुन्या फ्रेममध्ये मी काचा परत बसवून दिल्या, तीच घालून उठल्या. दारात म्हणाल्या, "सोमवारी येते. एकटी."
ती दोघं गेल्यावर दादा म्हणाला, "साहेब पाच मिनिटांत घेऊन जायचे." खरंय. बेसिन पुसून घेतलं.
सोमवारी शटर साडेदहाला उघडतं. मी दहालाच जाऊन बसणार.