गिरणीवालीची मांजर

सोमवार, ११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल शिबिरात काय झालं ते क्रमाने लिहिते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

१. गिरणीवालीची करडी पट्टेरी मांजर आणि वीटभट्टीवरची अगदी तशीच दुसरी, दोघींची नसबंदी सकाळी झाली. दोन्ही ऑपरेशनं मी केली. नीट झाली.

२. दोघींच्या डाव्या कानाचं टोक कापलं. नेहमीप्रमाणे. म्हणजे एकदा झालेलं जनावर पुन्हा कुणी टेबलावर घेत नाही.

३. भूल उतरेपर्यंत पिंजरे कापडांनी झाकून डेअरीच्या शेडमध्ये ठेवले. कोणती मांजर कुठली, याची चिठ्ठी कापडाला टाचलेली होती.

४. मांजरांनी कापडं घाण केली म्हणून तू ती काढलीस, धुतलीस, वाळवलीस, चिठ्ठ्या पुन्हा टाचल्यास आणि कापडं परत घातलीस.

५. भट्टीची मांजर गिरणीत पोचली. गिरणीची मांजर आमच्या गाडीतून भट्टीवर नेऊन सोडली गेली.

६. गिरणीवालीने पिंजरा उघडला तेव्हा ती मांजर तिचा हात ओरबाडून खिडकीतून पळाली.

चिठ्ठी पिंजऱ्याला बांधायला हवी होती. कापडाला टाचायची पद्धत माझी. तेव्हा चूक कुणाची हा प्रश्न इथे संपला. आपल्यामुळे झालं असं गावभर सांगत फिरू नकोस.

गिरणीची मांजर भट्टीवर कुणाला दिसली तर पोटाकडे बघायला सांग. सूज, लाली किंवा पाणी असेल तर मला लगेच कळव. तिथे सगळीकडे राख आहे आणि जखम ताजी आहे. तू स्वतः चढण चढू नकोस. तुझा गुडघा मी पाहिला आहे.

माया आहे तशीच असू दे.

तुझी भाची


शुक्रवार, १५ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पत्र कसलं, पंचनामाच तो! चौथं कलम वाचताना मला वाटलं, आता दारात शिपाई उभा राहतोय. आणि शेवटी सगळं आपल्या अंगावर घेऊन मोकळी झालीस. लहान होतीस तेव्हा बरणी फोडून मांजरावर ढकलायचीस, आता मांजराचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतेस. वाढलीस खरी.

इकडचं मात्र बरं नाही. गिरणीवालीने माझं दळण परत पाठवलं. डबा उघडलासुद्धा नाही. म्हणाली, आधी माझं जनावर आणा, मग तुमचं धान्य. आणि तुमच्या डॉक्टरीण भाचीला सांगा, उंदरांना माझा पत्ता लागलाय. रांगेतल्या बायका हसल्या. त्यातली शिंपीण हळूच म्हणते कशी, शहरातले लोक मांजरं नेऊन विकतात म्हणे. हळूच म्हणजे चौकात ऐकू जाईल इतकं. संध्याकाळपर्यंत पुढच्या शिबिराला नावं दिलेल्यांपैकी निम्म्या जणी येऊन नाव काढा म्हणून गेल्या. याच बाया ग, शहरातल्या दवाखान्याचे पैसे परवडत नाहीत म्हणून पिल्लं पोत्यात घालून कालव्यावर जायच्या. तुम्ही जवळजवळ फुकटात करून देता, तरी एका मांजरासाठी सगळ्यावर पाणी.

मी रोज भट्टीवर जाऊन येते. गुडघा म्हणतो नको, मी म्हणते चल. सुकी मासळी डब्यात घेऊन विटांच्या रांगांमधून हाका मारत फिरते. मुकादम विचारत होता, आत्याबाई, मांजर शोधताय की जावई? मी म्हटलं, मिळेल ते नेईन.

जेवतेस का वेळेवर? खोटं लिहू नकोस, मला अक्षरावरून कळतं.

आशीर्वाद तर आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी आत्या


मंगळवार, १९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वेळेवर जेवते.

काल आमची बैठक झाली. मोठ्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं की आपण सगळे नोकऱ्या सांभाळून हे करतो, महिन्यातला एकच रविवार हातात असतो. जिथे लोक जनावरं आणणार नाहीत तिथे टेबलं मांडण्यात अर्थ नाही. पुढचं शिबिर नदीपलीकडच्या गावात घ्यावं. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. तुझ्या गावात पुरेशी नावं पुन्हा आली तरच यावर फेरविचार होईल.

निर्णय बरोबर आहे. तरी त्यानंतर झोप नीट लागत नाही, याचं कारण मला सांगता येत नाही.

भट्टीवर जाणं थांबव. हे मी डॉक्टर म्हणून सांगते आहे.

रागावू नकोस; रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी भाची


सोमवार, २५ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सापडली! काल सकाळी भट्टीच्या मागे, कोळशाच्या ढिगाशेजारी ऊन खात बसली होती. टोपलीत घातली, वर माझी शाल बांधली आणि थेट गिरणीत. गिरणीवाली खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बारीक झालीय. मी म्हटलं, भट्टीवर कोण खाऊ घालणार तिला. मग तिने गिरणीचा पट्टा थांबवला, हात झटकले आणि बशीत दूध ओतलं. माझं दळणही घेतलं, रांग मोडून. शिंपीण बघतच राहिली.

आणि ऐक, नावं परत आली. गेली होती ती आली, वर आणखी चार. गवंड्याची बायको दोन बोके आणणार आहे. एकाला शेजाऱ्यांनी आधीच धमकी दिलीय. तुझ्या मोठ्या बाईंना आजच सांग, नदीपलीकडे जायचं कारण उरलं नाही. तुझी खोली मी झाडून ठेवलीय.

आता तरी शांत झोप.

तुझी आत्या


गुरुवार, २८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बातमी चांगली आहे. मोठ्या बाईंना अजून सांगितलेली नाही. त्याआधी दोन गोष्टी कळव. पोटावरची जखम कशी आहे? आणि डावा कान कसा आहे?

इतकंच. गुडघ्याला जप.

तुझी भाची


सोमवार, १ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कान विचारलास. मला वाटलंच होतं, तू दुधाचं विचारणार नाहीस, कानाचं विचारशील.

तर कान अख्खा आहे. पोटावर जखम नाही. तुमची ती मला कुठेच दिसली नाही ग. रोज गेले, रोज हाका मारल्या. ही तिसरीच, आपणहून येऊन माझ्या पायाशी अंग घासू लागली. तेच पट्टे, तेच डोळे. शिबिरात प्रत्येक कान मीच पुसते, मला कळलं नसेल असं तुला वाटणारही नाही, म्हणून तो बहाणा करत नाही.

गिरणीवालीलाही कळलं. तिने त्या कानावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं. मी पिठाच्या चाळणीकडे पाहिलं. मग तिने दूध ओतलं. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. तिला उंदरांसाठी मांजर हवी होती, मिळाली. गावाला निमित्त हवं होतं, मिळालं.

आणि मला काय हवं होतं ते तुला कळत नसेल तर सांगते. तू हात वर केल्याचं लिहिलंस ना, ते पत्र मी पुन्हा वाचलं नाही. शिबिर सुरू झाल्यापासून तू माझ्या घरी राहायला येतेस. त्याआधी किती वेळा आलीस, तूच मोज. शिबिर नदीपलीकडे गेलं तर तू कोणत्या निमित्ताने येणार?

रागाव, पण पत्र पाठव.

तुझी आत्या


गुरुवार, ४ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून तीन कागद लिहिले आणि फाडले. हा चौथा आहे.

आधी मांजरीचं. तिची नसबंदी झालेली नाही. हा हंगाम पिल्लांचा आहे. ती आत्ताच गाभण असेल तर आश्चर्य नाही. गिरणीवाली बारीक म्हणाली, पण बारीक मांजरही वितेच. गिरणीत पिल्लं झाली की शिंपीण चौकात काय म्हणेल ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे: यांचं ऑपरेशन खोटं. मग नावं पुन्हा जातील आणि या वेळी परत येणार नाहीत. त्या पिल्लांचं काय होईल ते तू स्वतःच लिहिलं आहेस. गिरणीवाली आज गप्प आहे, कारण तिला मांजर हवी आहे. उद्या ती गप्प राहणार नाही, आणि तेव्हा बोल तुला लागेल.

म्हणून मी शनिवारी, १३ तारखेला येते. सोबत एक पिंजरा आणेन. रविवारी सकाळी गिरणीत, रांग असतानाच, सांगेन की चिठ्ठ्यांची पद्धत माझी होती, त्यात तिची मांजर हरवली, अजून सापडलेली नाही, आणि ही दुसरी आहे. तिला ही ठेवायची असेल तर मी हिचं ऑपरेशन करून देईन. त्यानंतर भट्टीवर जाऊन पहिलीला शोधेन. हाका तू मार, चढण मी चढेन.

यात शिबिर जाण्याची शक्यता मोठी आहे. मोठ्या बाईंनाही मी खरं तेच सांगितलं आहे.

निमित्ताचं तू विचारलंस. या वेळी शिबिर नाही, तरी मी येते आहे. पुढचं शिबिर नदीपलीकडे गेलं, तर तिथलं काम संपवून पूल ओलांडून मुक्कामाला तुझ्याकडे येईन. हे मी आधीच लिहायला हवं होतं. मला अशा गोष्टी लिहिता येत नाहीत, म्हणजे त्या नसतात असं नाही.

एकच अडचण आहे. मी गिरणीत बोलले की ही मांजर कुणी आणून दिली हे सगळ्यांना कळेल. तुला त्या गावात राहायचं आहे, मला नाही. म्हणून तुला न विचारता मी तोंड उघडणार नाही. तू माझ्याशेजारी उभी राहशील, की घरी थांबशील, की मी मुळीच बोलू नये असं तुझं म्हणणं आहे, ते स्पष्ट लिही. पहिल्या दोन्हींपैकी काहीही चालेल. तिसरं असेल तर मला वाईट वाटेल, पण मी तरीही येईन.

उत्तर मला गुरुवार, ११ तारखेपर्यंत मिळेल असं पाठव.

तुझी भाची