कापसाची दाढी

प्रिय वहिनी,

नणंदेचं पत्र बघून म्हणशील, आता हिने कुठलं खुसपट काढलं. काढलंय, पण माझंच आहे. तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तुझ्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला. समोरासमोर तर माझ्याने बोलवणारच नाही, म्हणून लिहायला बसले.

परवा विशेष मुलांच्या वर्गातला माझा शेवटचा नाताळ झाला. महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. यंदा नऊ मुलं होती आणि नाताळबाबाचा चेहरा करायचा होता. आपल्या भुंग्याच्या वेळची चित्रपट्टी अजून चालते: कापणं, डिंक, चिकटवणं, हात पुसणं. एकेक काम झालं की त्याचं चित्र पट्टीवरून काढून 'झालं' लिहिलेल्या डब्यात टाकायचं. एका मुलीने आल्या आल्या चारही चित्रं डब्यात टाकली आणि हाताची घडी घालून बसली. काम फत्ते! मी हसले, पण तिचा कागद कोराच भिंतीवर लावला. पंधरा वर्षांपूर्वी मी तसा लावला नसता.

तेव्हा भुंगा आठ वर्षांचा होता. दिवसभर गुणगुणतो म्हणून हे नाव तूच ठेवलंस. वर्गात मी त्याची बाई आणि घरी आत्या, त्यामुळे त्याचं काम चारचौघांत चांगलं दिसावं अशी मला जरा जास्तच हौस होती. तुझी त्याच्या डब्यातली चिठ्ठी आठवते? त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तू निळ्या पेनाने रोज एक मासा काढायचीस. तो न बघताच ती मुठीत घ्यायचा. मी शहाणीने तुला सांगितलंही, की तो बघत नाही, उगाच कशाला त्रास घेतेस. त्यानंतर तू चिठ्ठ्या बंद केल्यास.

त्या नाताळातला त्याचा नाताळबाबा तुझ्या बैठकीच्या खोलीत आजही आहे. भरगच्च कापसाची दाढी, कुठे डिंकाचा डाग नाही. दादाने तो येईल त्याला दाखवला. मनात आणलं तर पोरगं सगळं करतं, असं सांगत सुटला. मी तिथेच चहा पीत बसले होते. पुढच्या वर्षी तू हौसेने कापूस आणलास आणि घरी त्याला मांडीवर घेऊन बसलीस. तो किंचाळला, तुझ्या मनगटाला चावला आणि तू त्याच्या थोबाडीत मारलीस. त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन रडलीस. तुझे शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात.

"वन्सं, तो तुमच्यासाठी करतो, माझ्यासाठी नाही. मी परकी आहे त्याला."

मी तुला पाणी दिलं आणि मूग गिळून गप्प बसले.

वहिनी, ती दाढी मी लावली होती. कापसाला बोट लागलं तरी त्याच्या अंगावर काटा यायचा. पालक बघायला येणार म्हणून आदल्या दिवशी मुलं गेल्यावर मी नवा चेहरा केला, खाली त्याचं नाव घातलं आणि त्याने केलेला कपाटात टाकला. कोणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. पण त्या मारातला अर्धा हात माझा होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

काल कपाट रिकामं करताना त्याचा नाताळबाबा सापडला. दाढीच्या जागी पांढऱ्या कागदाचे अकरा कपटे एका ओळीत, कडेला कड लावून चिकटवलेत. डिंक वाळून एक कपटा सुटला होता. तो उलटा केला तर मागे निळी शेपटी. मग एकेका कपट्याची कड नखाने उचलून पाहिली. सगळे तुझे मासे. आईची आठवण म्हणून लावले, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्या मनचं त्याच्या नावावर घालण्याची चूक एकदा करून बसलेय. खिशात होते म्हणून लावले असतील. पण मी बंद करायला लावलेल्या त्या चिठ्ठ्या त्याने खिशात जपून का ठेवल्या होत्या, एवढं मात्र तू स्वतःला विचार. दादा सांगत होता, या सुट्टीत त्याला वसतिगृहातून आणायचं नाही असं तू ठरवलंयस. त्याला तुझी गरज नाही, म्हणालीस. म्हणून हे पत्र. त्याचं चित्र सोबत पाठवतेय, मी त्यात काहीही बदललेलं नाही, सुटलेला कपटाही तसाच ठेवलाय. माझ्यावर राग धर, वर्षभर बोलू नकोस. पण रविवारी जाऊन त्याला घेऊन ये, आणि जाताना निळं पेन ने.

तुझीच,
चुकलेली वन्सं