चादरीखालची आई

प्रिय आत्या,

तुझ्या कॉम्प्युटरवरच्या ‘लाईट बिल’ नावाच्या फोल्डरमध्ये एकही लाईट बिल नाही. दोनशे चौदा बायका आहेत. केस विस्कटलेल्या, घामेजलेल्या, कुणाची ओढणी कानातल्यात अडकलेली, कुणाची टिकली भुवईवर सरकलेली. प्रत्येकीच्या मांडीवर बाळ आहे आणि एकीचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही.

मी पत्रं लिहिणाऱ्यातली नाही, हे तुला माहीत आहे. पण हे फोल्डर बुधवारी सापडलं, आज रविवार, आणि मधल्या दिवसांत प्रश्न इतके साठले की ते तुलाच विचारायला हवेत. तुला जाऊन पाच महिने झाले. उत्तर येणार नाही हे गृहीत धरूनच लिहिते आहे.

आधी स्टुडिओबद्दल. जेलरोडचं तुझं वरच्या मजल्यावरचं दुकान मी शनिवार-रविवार उघडते. बाकीचे दिवस कारखान्यात गेज, म्हणजे मापं घ्यायची साधनं, तपासते. मिलिमीटरचा हजारावा भाग इकडे की तिकडे, एवढंच माझं काम. तू म्हणायचीस, ‘प्रज्ञाच्या हातात बाळ दिलं तर ती आधी त्याची जाडी मोजेल.’ अजून मोजलेली नाही. पण पहिल्या महिन्यात सात बाळं नुसती माझ्याकडे बघून रडली. तुझ्याकडे बघून का रडायची नाहीत? तू तर त्यांच्याशी लाडात बोलायचीसही नाहीस!

तुझी चादरीची पद्धत मी तशीच ठेवली आहे. पाच महिन्यांचं बाळ एकटं बसत नाही, आणि घरच्यांना ते एकटं, राजासारखं बसलेलंच हवं असतं. मग आईला स्टुलावर बसवायचं, डोक्यावरून निळी चादर टाकायची, मागचा पडदाही तसाच निळा, आणि बाळ तिच्या मांडीवर. चादरीच्या घडीतून तिचे दोन हात बाळाची कंबर धरून. नंतर कॉम्प्युटरवर फोटो चारी बाजूंनी कापायचा, बोटं पुसायची. उरतं फक्त बाळ.

‘हे बघ बाई, आता तू खुर्ची,’ तू प्रत्येकीला सांगायचीस. ‘खुर्ची हसत नाही, बोलत नाही, खुर्चीला खाज सुटत नाही.’ की चादर लगेच गदागदा हलायला लागायची! कॉलेजात असताना मी एकदा म्हटलं होतं, आत्या, आईला असं गायब करणं बरं दिसतं का? तू म्हणालीस, ‘गायब कोण करतंय? दोन मिनिटं झाकतेय.’ मला वाटलं, तू उत्तर टाळलंस.

गेल्या रविवारी दिंडोरीकडच्या एका गावातून एक आजी आल्या. बरोबर नात, ईश्वरी, पहिलीत आहे. आजींनी पिशवीतून एक फोटो काढला. पिवळा फ्रॉक, मागे निळं, पाच महिन्यांची ईश्वरी. पाठीवर तुझा शिक्का.

‘ती बाई कुठं हाय?’

मी सांगितलं. ‘लय हसवायची,’ आजी म्हणाल्या. मग नातीला खेळण्यांच्या टोपलीकडे पाठवून कामाचं बोलल्या.

ईश्वरीची आई, म्हणजे आजींची सून, पोर दीड वर्षाची असताना आजारपणात गेली. आता पोर म्हणायला लागली आहे की आईनं मला कधी घेतलंच नव्हतं. ‘शाळेत कुणी तरी म्हनलं, फोटो दाखव मंग. तर फोटोच नाय.’

‘लग्नाचा अल्बम असेल ना?’ मी विचारलं.

‘हाय की. पन त्यात ही कुठं हाय?’

‘मोबाईलमध्ये?’

‘मोबाईल सुनेचाच व्हता. पोरीचे ढीगभर फोटो काढले तिनं. काढनारी तीच, मग ती कशी येनार त्यात?’

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लावायला तुझा फोटो शोधताना आमची हीच गत झाली होती. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून तुला कापून काढलं. तीस वर्षं लोकांचे फोटो काढणारी बाई!

आजींना मात्र एक फोटो पक्का आठवत होता. त्या दिवशी त्या इथेच, बाकावर बसल्या होत्या. ‘चादर काढली आन् बाई म्हनली, झालं, सुटलीस. सून पोरीकडं बघून हसली. तवाच बाईनं अजून एक खटका मारला. मी बघितलाय ना! म्हनली, पोरीच्या पयल्या वाढदिवसाला या, तवा हा देते. तवा नेमकी द्राक्षाची गडबड. आम्ही आलोच नाय.’ मग त्या पुढे वाकल्या. ‘तेवढा काढून द्या, ताई.’

मी म्हटलं, बघते. पण तो फोटो कुठे गेला असेल याचा मला अंदाज होता.

आठवतं? मागच्या नव्हे, त्याच्या आधीच्या दिवाळीत तुझा कॉम्प्युटर पार भरला होता. मी दोन दिवस बसून एक प्रोग्रॅम लिहिला. गिऱ्हाइकाला पावतीवर दिलेले फोटो आणि त्यांच्या मूळ प्रती ठेवायच्या. उरलेल्यांतले अंधारे, हललेले आणि कॅमेऱ्याकडे न बघणारे उडवायचे. तो सगळ्या जुन्या वर्षांवर चालवला. ‘तू इंजिनिअर, कर काय करायचं ते,’ तू म्हणालीस. कॉम्प्युटर भराभर चालायला लागला आणि तू मला भजी खाऊ घातलीस.

चार-पाच दिवसांनी तुझा फोन आला. ‘प्रज्ञा, तुझा प्रोग्रॅम बिलंसुद्धा खातो का गं?’

‘नाही. ज्या फोल्डरच्या नावात बिल आहे त्याला तो हात लावत नाही.’

‘बरं,’ तू म्हणालीस. एवढंच.

सोमवारपासून मी संध्याकाळी येऊन ईश्वरीच्या आईला शोधत होते. पुसलेल्या फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं, पण त्या जागेवर नंतरची लग्नं, बारशी लिहिली गेली होती. एकच फाइल उघडली, तीही अर्धी. वर निळी पट्टी, खाली सगळं राखाडी. बुधवारी शोधता शोधता ‘लाईट बिल’ उघडलं. दोनशे चौदा आया बघून क्षणभर वाटलं, ती इथे असेल! नव्हती. या फोल्डरमधल्या सगळ्यात जुन्या फोटोची तारीख बघितली. तुझ्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवसाची होती.

म्हणजे तुला कळलं होतं. इतक्या वर्षांच्या आया माझ्या प्रोग्रॅमनं खाल्ल्या हे तुला कळलं, पुढच्या वाचवायला तू बिलांचं नाव शोधून काढलंस, आणि मला एक शब्द बोलली नाहीस! का? मला वाईट वाटेल म्हणून? की पुसलेलं परत येत नाही, मग पोरीला कशाला टोचा, असं? कारखान्यात चुकीचं गेज सापडलं की आम्ही त्याला लाल चिठ्ठी लावतो, कुणाचं का असेना. तू मला लावली नाहीस. लावायला हवी होतीस, आत्या.

मग मी त्या दोनशे चौदा फोटोंची सगळी माहिती तपासली. तू हसशील, पण मला दुसरं येतं काय? बाळाच्या प्रत्येक फोटोला फ्लॅश आहे, या एकालाही नाही. आणि हे सगळे बाळाच्या शेवटच्या फोटोनंतर वीस सेकंदांच्या आत काढलेले. तू फ्लॅश मुद्दाम बंद करत होतीस? उजेडाच्या बाबतीत तू तर केवढी कडक! पडद्यावर जराशी सावली आली तरी दिवे हलवायला लावायचीस.

काल दोन बाळं आली तेव्हा करून बघितलं. पहिल्या वेळी चादर काढली आणि फ्लॅश चालू ठेवला. उजेड पडताच ती आई सावरून बसली, केस कानामागे, चेहऱ्यावर फोटोतलं हसू. दुसऱ्या वेळी फ्लॅश बंद केला, ‘झालं, सुटलात’ म्हटलं आणि खटका दाबला. तिला पत्ताच नाही! ती बाळाच्या मानेत नाक खुपसून बसली होती.

अंधारा, हललेला, कॅमेऱ्याकडे न बघणारा. तुला जो फोटो हवा असायचा तो, आणि मी प्रोग्रॅमला शिकवलेली खराब फोटोची व्याख्या, तंतोतंत एकच निघाली. हे मला बुधवारी कळायला हवं होतं. कळलं काल.

एक मात्र पटत नाही. त्या बायकांना तू आधी विचारायची नाहीस. नंतर दाखवायचीस, देऊन टाकायचीस, हे आजींमुळे समजलं. तरीही.

ईश्वरीसाठी माझ्याकडे शेवटी एकच गोष्ट उरली. तिच्या त्या पिवळ्या फ्रॉकच्या फोटोची मूळ प्रत, तू कापायच्या आणि पुसायच्या आधीची. ती प्रोग्रॅमनं ठेवली होती. मी ती जशीच्या तशी मोठी छापली.

आज अकरा वाजता त्या दोघी आल्या. मी आधी चूक सांगितली, उभ्यानंच. ‘आजी, तो फोटो होता. माझ्या प्रोग्रॅमनं पुसला. आता परत येणार नाही.’

आजींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. ‘शिकलेल्या मानसांना साफसफाईची लय हौस,’ म्हणाल्या. मी प्रिंट टेबलावर ठेवली.

मधोमध ईश्वरी, मुठी आवळलेली. तिच्या भोवती निळ्या चादरीचा डोंगर, वर डोक्याचा उंचवटा. घडीतून आलेले दोन हात, हिरव्या बांगड्या, बाळाच्या फ्रॉकवर रुतलेली बोटं. खाली चादर आखूड पडलेली, म्हणून दोन पावलं बाहेर.

ईश्वरी पुढे झाली. ‘हे निळं काय आहे?’

‘तुझी आई,’ आजी म्हणाल्या.

‘तोंड कुठंय?’

‘चादरीत.’

‘लपलीये?’

‘लपली नाय गं. तुला धरून बसलीय. हे हात बघ की.’

‘कशावरून आई? कुणीपण असेल.’

आत्या, त्या क्षणी मला ती पोर फार आवडली. आजींचा चेहरा उतरला होता. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. ईश्वरीनं फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. हातांवरून बोट फिरवलं, बांगड्यांवरून, मग खाली पावलांपाशी थांबली. जोडव्याचं बोट अंगठ्याहून लांब होतं आणि टोकाशी आत वळलेलं. ती जमिनीवर बसली, सँडलचा पट्टा सोडला, फोटो स्टुलावर टेकवून पाऊल त्याच्या शेजारी ठेवलं आणि मला म्हणाली, ‘बघा.’

मी वाकून बघितलं. तेच लांब बोट, तसंच आत वळलेलं. मोजायची गरज नव्हती.

‘आहे,’ मी म्हटलं. ‘सारखंच आहे.’

तिनं मान हलवली, जणू माझी तपासणी मान्य केली. मग आजीकडे वळली. ‘मी किती जड होते?’

‘असशील सहा-सात किलो. तरी खाली ठेवायची नाय तुला. मी म्हनायचे, अगं हात मोडतील!’

‘मग ती काय म्हणायची?’

‘मोडू द्या म्हनायची.’

ईश्वरीनं पुन्हा फोटोतल्या हातांकडे बघितलं. जिना उतरताना तिचा एक पाय अनवाणीच होता. सँडल आजींच्या हातात, फोटो तिच्या.

आता तुझ्यावरचा माझा खरा राग. तो फोटो त्याच दिवशी का दिला नाहीस? माणसं परत यावीत म्हणून? बाळ चालायला लागलेलं तुला बघायचं असायचं म्हणून? की वर्षभरानं स्वतःचा तो चेहरा बघून आई जास्त खूश होईल, असं काही तुझ्या मनात होतं? कारण चांगलंच असणार. पण तू दिला असतास तर आज ईश्वरीला तिच्या आईचं हसू दिसलं असतं. माझ्या चुकीच्या आधी एक चूक तुझी आहे. ही तुझी लाल चिठ्ठी.

प्रोग्रॅम मी काढून टाकला. त्या दोनशे चौदांतल्या कुणाला फोटो मिळाले आणि कुणाला नाही, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस, म्हणून सगळ्यांनाच फोन करते आहे. आज सहा झाले. ज्यांच्या आया माझ्या प्रोग्रॅमनं पुसल्या, त्या आधीच्या घरांसाठी मूळ प्रती उघडून ठेवीन, न कापता, न पुसता.

आणि एक वचन देते. यापुढे या स्टुडिओत चादर निघाली की फ्लॅश बंद असेल आणि आईचा फोटो निघेल. तो तिला लगेच दाखवीन. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसेन. हवा म्हणाली तर जिना उतरायच्या आत छापून तिच्या हातात देईन. कुणाच्या वाढदिवसाची वाट बघणार नाही.

यात माझी कसूर झाली तर या वेळी तरी गप्प बसू नकोस.

तुझी भाची,
प्रज्ञा