न जाणारी लाली

गुरुवार, संध्याकाळ

अविनाशला कुशीवर वळवताना माकडहाडापाशी लाल डाग दिसला. बोटाने दाबून पाहिला, लाली गेली नाही. म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. अपघातापासून नवऱ्याला कमरेखालचं काही कळतच नाही. जखम झाली तरी सांगणार कसा?

"काय बघतेस एवढं?"

सांगितलं. म्हणाला, "आरसा धर."

दाढीच्या आरशात तो डाग बराच वेळ बघत राहिला, परक्याच्या अंगावरचा बघावा तसा. मग म्हणाला, "आता रोज मी बघणार. तू हिंजवडीच्या ऑफिसातून येईपर्यंत कोण थांबतंय?"

बरं वाटायला हवं होतं. की रडू यायला? काहीच झालं नाही.

फिजिओबाईंना फोन केला. त्या जागेवर अजिबात भार नको, म्हणाल्या. पाठीमागे उशा लावून त्याला कुशीवरच ठेवलंय. डाग अजून तसाच.

"जेवून घे," तो पाठमोराच म्हणाला.

जेवले. भाजी कसली होती, आत्ता आठवत नाही.